चिमाबाई नापास होते

कशेळे गावामागच्या वाडीतल्या चिमाबाईला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, पण तसा दाखला मिळत नव्हता, आणि दाखल्याशिवाय पेन्शन नव्हती. गेल्या खेपेस तपासणीच्या रांगेत पुढच्या सगळ्यांनी तक्त्यावरच्या खुणांच्या दिशा मोठ्यानं सांगितल्या: वर, खाली, डावीकडं. कानावर जगणाऱ्या चिमाबाईनं त्या पाठ केल्या आणि आपली पाळी येताच धडाधड म्हणून दाखवल्या. नजर उत्तम, असा शेरा मिळाला.

"आत्या, दिसत नाय हेच सांगाया गेलेलो ना गं आपुन!" परतीच्या जीपमध्ये सून भाग्यश्रीनं कपाळ धरलं.

"चारचौघांत इचारल्यावर येत नाय म्हनू?"

यंदा भाग्यश्रीनं तिला रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं केलं. चिमाबाईनं बराच वेळ समोर पाहिलं. तिथं भिंत असावी, एवढा तिला अंदाज होता.

"नाय दिसत, साहेब," ती अखेर म्हणाली.

दाखल्याचं कार्ड आलं, पेन्शन मंजूर झाली. पहिल्याच एसटीत चिमाबाईनं दिव्यांगांची राखीव जागा चाचपली, तर हाताला एक धडधाकट खांदा लागला.

"ऊठ रं बाबा," ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वर लिवलेलं दिसत नाय का तुला?"