पाण्यातली फुगडी

मंगळागौरीच्या खेळांत मी पहिली उतरते आणि शेवटची बसते. हा माझा तोरा, आणि तो मी कधी लपवला नाही. त्यामुळे लेकीच्या पहिल्या मंगळागौरीचं ठरवताना विहीणबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "तुम्ही आपल्या खुर्चीत बसून गाणी म्हणा हं, कंबर सांभाळा," तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीची पहिली मंगळागौर, आणि तीही माझ्या घरी, आणि मी खुर्चीत?

तशी त्यांची चूक नव्हती. लग्नात मी कमरेला पट्टा बांधूनच वावरले होते. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावच्या नव्या सोसायटीत आलो, त्याचा हा प्रसाद. रोज चार्टर्ड बसने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात जायचं, रस्ता सगळा खणलेला, हाडं खिळखिळी. देशाची प्रगती हिच्या मणक्यावरून चाललीय, असं नवरा म्हणायचा. विनोद त्याला सुचायचे, कळा मला यायच्या.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पाण्यात व्यायाम करा. सोसायटीचा स्विमिंग पूल तोवर पाहुण्यांना दाखवण्यापुरताच होता. उन्हाळा लागला तशी तिथे सकाळी एक फिजिओथेरपिस्ट येऊ लागली, रोहतकची, बोलायला सडेतोड. मला पोहता येत नाही, म्हटलं. "तैरना किसने कहा, आंटीजी? चलना है," ती म्हणाली, आणि कॉस्च्यूम घालायला लावून मला पाण्यात उतरवलं.

छातीएवढ्या पाण्यात पुढे चालायचं, मग मागे, मग खेकड्यासारखं आडवं. कठडा धरून एकेक गुडघा वर घ्यायचा, पोट आत ओढून. कितीतरी महिन्यांनी पाऊल टाकताना कमरेत कळ आली नाही. मला रडूच आलं, पण तोंड आधीच ओलं होतं, त्यामुळे लाज राहिली.

आणि मग मी माती खाल्ली. बरं वाटतंय म्हणून एका रविवारी भेटायला आलेल्या लेकीचे हॉलमध्ये हात धरले आणि घेतली गिरकी. अशी उसण भरली की दिवाणावरून उठवेना. लेक घाबरली. "आई, तू बस ना यार. ते गोल-गोल नाही केलं तर काय बिघडतं?"

गोल-गोल. दिल्लीत वाढलेल्या माझ्या पोरीला फुगडी हा शब्दसुद्धा आठवला नाही. मी खुर्चीत बसले तर तिला हे शिकवणार कोण, या विचाराने कमरेपेक्षा जीव जास्त दुखला.

फिजिओथेरपिस्टने ऐकलं आणि माझी चांगली खरडपट्टी काढली. पाण्यात तुमचं वजन पाणी उचलतं, बाहेर कोण उचलणार? मग म्हणाली, "वैसे वो है क्या चीज? दिखाओ."

उसण ओसरल्यावर छातीएवढ्या पाण्यात तिला दाखवली. हातांची कैची, पावलं जुळवलेली, अंग मागे झोकलेलं. तिने लगेच माझी पाठ सरळ करायला लावली आणि वेग उतरवला. तिथे नीट जमल्यावर कंबरभर पाण्यात, मग मांडीपर्यंतच्या. पाणी उतरेल तसं अंग जड व्हायचं आणि मला माझं मला पेलावं लागायचं. सोसायटीतल्या पंजाबी बायका आधी काठावर बसून हसल्या, मग त्याही उतरल्या. श्रावण लागायच्या आधी मी कोरड्या फरशीवर फुगडी घालत होते, सावकाश, पण घालत होते. पुण्याला मात्र एका शब्दाने कळवलं नाही.

मंगळागौरीला विहीणबाईंनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची मांडली, वर उशीही ठेवली. मी पदर खोचला आणि लेकीपुढे हात केले. तिने आधी माझ्या कमरेकडे पाहिलं.

"धर," मी म्हटलं. "जी आधी थांबेल ती हरली."

पोट आत ओढलं, पाठ सरळ ठेवली आणि फिरायला लागले. बायकांची गाणी सुरू झाली. लेक हसायला लागली, मग तिला धाप लागली.

"आई, बस, चक्कर येतेय."

मी थांबले. ती डोकं धरून गेली आणि त्या उशीच्या खुर्चीत बसली. मी अजून उभीच होते, फरशीच्या मधोमध. विहीणबाईंनी पदर खोचला आणि माझ्यापुढे हात केले.