तात्यांची रोजची ओळ

दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या तात्यांचा दिवस एका ओळीने उजाडायचा. लिनक्सवरचं जुनं कॉम्प्युटर-मशीन चालू झालं, तरी त्यातली प्रिंटर चालवणारी सर्व्हिस झोपलेलीच असे. तात्या 'स्टार्ट'ची ओळ टाइप करून तिला उठवत, तेव्हा कुठे कागद निघे. नऊ वर्षांत ती ओळ दुसरं कुणी शिकलं नव्हतं. आणि उद्या तात्यांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

म्हणून आज दवाखाना उघडायच्या आधी त्यांनी रोजची ओळ टाकलीच नाही, लेकीला फोन लावला. तिने 'इनेबल'ची नवी ओळ सांगितली. "ही एकदा टाका बाबा, मग सर्व्हिस आपली आपण उठेल."

तात्यांनी टाकली. प्रिंटर ढिम्म. लावलेलं चाललं नाही की काढून ठेवायचं, ही त्यांची जुनी खोड. लगेच त्याच ओळीत 'इनेबल'च्या जागी 'डिसेबल' टाकून म्हणाले, "तुझी ओळ पोकळ निघाली गं."

"अहो, मशीन पुढच्या वेळी चालू होईल ना, तेव्हासाठी आहे ती. बंद करून चालू करा."

केलं. तरी ढिम्मच.

"बाबा, मधे काही केलंत?"

"चालेना, म्हणून काढली."

"कपाळ माझं! परत टाका, मशीन परत चालू करा, आणि हात मांडीखाली घेऊन बसा."

तात्या खरंच तसे बसले. मशीन उठल्यावर भीतभीत एक केसपेपर सोडला, तर कागद सरकन बाहेर! त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"मग बरा होऊन आल्यावर सकाळी मी काय करायचं?"

"तेच. हात मांडीखाली."