मावशींची परात

सिंगापुरात बुकित बातोकला मावशींकडे जेवायला गेलेला माणूस आधी ताट शोधायचा. ते नसायचंच. जमिनीवर मधोमध मोठी परात, तिच्यात नारळाच्या दुधातला भात, वर माशाची आमटी, आणि भोवती आपण. आम्ही पुण्या-मुंबईची मंडळी अशा वेळी एकदम डाएटवर जायचो. मी तर पर्समधून वाटी न्यायचे. मावशी हसायच्या, “उष्ट्याला घाबरतेस होय? घाबर बापडी!”

ही परात केनियातल्या मोंबासाची. मावशींनी तिथे नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं. शेवटची वर्षं हेरॉईनच्या नादी लागलेल्या पोरांच्या केंद्रात. एकाच सुईने एचआयव्ही पसरतो, हे त्या पोरांना पाठ होतं. पण दोस्त नशेवाचून तळमळत असताना आपली सुई आपल्यापाशीच ठेवणं त्यांना कद्रूपणाचं वाटायचं. मावशींनी तोडगा काढला. प्रत्येकाला नवी सुई द्यायची आणि जेवायला सगळ्यांना एकच परात मांडायची. “सुई ज्याची त्याची, भात सगळ्यांचा,” असं त्या भर जेवणात सांगायच्या आणि आमचे घास हातातच राहायचे.

त्या पोरांतला हमीसी त्यांचा लाडका. नशा सोडवणारी औषधं केंद्रात सुरू होऊन त्याची सुई सुटली होती. मुलाने मावशींना सिंगापूरला आणलं, तरी दर रविवारी संध्याकाळी हमीसीचा फोन यायचा, “मामा, जेवलीस?” स्वाहिलीत मामा म्हणजे आई. तांजोंग पगारच्या बँकेतून दमून येणाऱ्या पोटच्या मुलाला हे विचारायला सवड नसे.

मग ते केंद्र बंद पडलं, हमीसीची औषधं तुटली आणि फोनही विरळ झाले. एका रविवारी मी गेले तेव्हा परात मांडलेली होती, पण मावशी जेवत नव्हत्या. हमीसीच्या शेजाऱ्याचा फोन येऊन गेला होता.

“बंद खोलीत मेलेला सापडला गं. सुई नवी होती, त्याची एकट्याची.” मावशी भाताकडे बघत राहिल्या. “माझं ऐकलं त्याने. पण अर्धंच ऐकलं.”

वाटी पर्समध्येच ठेवून मी समोर बसले आणि परातीत हात घातला. भात गार झाला होता. थोड्या वेळाने त्याही जेवू लागल्या.

यंदा मावशी गेल्या. मुलाच्या नव्या कॉन्डो-फ्लॅटमध्ये परात कुठे मावेना, म्हणून ती माझ्याकडे आली. मी एकटीच राहते. रविवारी तिच्यात भात वाढून घेते आणि माझ्या बाजूचा तेवढा जेवते. समोरचा तसाच राहतो.