बर्फाची पिशवी

सिंगापुरातल्या आमच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत तो नवव्या मजल्यावर राहायचा. अमेरिकन होता, इथल्या एका बास्केटबॉल संघाने आणलेला. सकाळी मी फिरून परतायचो तेव्हा लिफ्टमध्ये तो असायचाच. हातात बर्फाची पिशवी, पाठ भिंतीला, डावा पाय किंचित उचललेला. मध्येच दार उघडलं की पाय खाली आणि मान ताठ.

"काल किती पॉइंट?" मी विचारायचो.

"अडतीस." ताप सांगावा तसा तो आकडा सांगायचा. "पण गुडघ्याचं त्यांना कळलं तर दुसरा आणतील. माझा इथे राहण्या-कामाचा पास संघाच्या हातात आहे."

माझाही पास कंपनीच्याच हातात होता. मी जास्त विचारत नसे.

एकदा संघाचा मॅनेजर आमच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरला. बरोबर बॅग घेतलेला, याच्याइतकाच उंच एक माणूस होता. आमच्या अमेरिकनाने पाय टेकवला आणि माझ्याकडे न बघता पिशवी माझ्या हातात सरकवली. मॅनेजरची नजर नेमकी तिच्यावर गेली.

"गुडघा दुखतो माझा," मी म्हणालो.

सहाव्या मजल्यावर मी उतरलो, आणि मागे दार बंद होईपर्यंत लंगडत चाललो.