आधी सगळ्यात लहानानं बोलायचं

आमच्या मंडळात हात वर करून मत घ्यायची पद्धत नव्हती. विषय निघाला की सगळ्यात लहान वयाच्या माणसानं आधी बोलायचं, मग त्याहून मोठ्यानं, आणि अध्यक्षांनी शेवटी. हा नियम अध्यक्षांनीच घातला होता. मोठे आधी बोलले की लहान नुसती मान डोलावतात, असं त्यांचं म्हणणं. आयुष्य वर्गात काढलेल्या माणसाचा तो अनुभव असणार.

नियम चांगलाच होता. अडचण एवढीच की त्या मंडळात सगळ्यात लहान मी होते.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव खेड तालुक्यात, हमरस्त्यापासून बरंच आत. वडील मुंबईला नोकरीला, आई शेतावर, आणि मी रत्नागिरीला मावशीकडे राहून शिकत होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे. चुकलं तर ते गावापर्यंत कळेल, अशी काहीतरी भीती मनात असायची. वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी एकदा प्रयोगशाळेत विचारलं, "शनिवारी मोकळी आहेस का गं?" मी हो म्हटलं. पर्यावरण शिक्षण मंडळाच्या कार्यकारिणीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून त्यांनी माझं नाव आधीच घातलेलं होतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

बैठक अध्यक्षांच्या पडवीत असे. ते हायस्कूलचे निवृत्त शास्त्र शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. मॅडम कार्यवाह होत्या. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, आणि त्यांच्या बोलण्यातला 'की' रत्नागिरीच्या दमट हवेतही टिकून होता. तिसरे चाचा. खाडीपलीकडच्या गावातले, जन्मभर बोटीवर इंजिनात काम करून परतलेले. मंडळाचा स्लाइड प्रोजेक्टर त्यांच्या ताब्यात असे. एस.टी.तून जाताना ते तो मांडीवर घेऊन बसत, टपावर कधी चढवू देत नसत. आम्ही शाळाशाळांतून जाऊन भिंतीवर धोतर टांगायचो आणि जंगल, माती, पाणी यांच्या स्लाइड दाखवायचो. वीज गेली की चाचा बोटीवरच्या गोष्टी सांगत, आणि पोरांना वीज येऊच नये असं वाटे.

त्या पहिल्या शनिवारी कसला विषय होता ते आता आठवत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते एवढं आठवतं.

"बोल गो पोरी," चाचा म्हणाले. "तू बोलल्याबिगर हितं चाय येत नाय."

"घाई करू नका हो तिला," सर म्हणाले. "बोलेल ती."

"मी कुठं घाई करतोय? माझा गळा करतोय."

मी काहीतरी पुटपुटले. सरांनी ते असं ऐकून घेतलं, जणू त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. मग आतून काकूंनी चहा पाठवला. नंतर नंतर मी जरा मोठ्यानं बोलू लागले.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, झाडं लावायचा विषय निघाला तो वैशाखात. सरांची शाळा एका सड्याच्या पायथ्याशी होती. वरच्या वाडीतली पोरं तो सगळा सडा तुडवून शाळेत येत, बहुतेक अनवाणी. फाल्गुनात कातळ तापला की शाळेच्या दारात पाण्याची बादली ठेवावी लागे. पोरं आधी पाय बुडवत, मग वर्गात जात. सकाळची शाळा सुरू झाली की येताना बरं पडे, पण दुपारी घरी जाताना तोच कातळ. सर नोकरीत असताना ती बादली रोज स्वतः भरत. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या डोक्यातून ती गेली नव्हती.

"त्या वाटेवर सावली झाली पाहिजे," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत झाली तर बरं. पोरांना मी तसं सांगून ठेवलंय."

आम्ही तिघं जाऊन सडा बघून आलो. नुसता काळा कातळ, जळक्या गवताची खुंटं आणि वारा. मंडळाच्या स्लाइडमध्ये उजाड जमीन म्हणून जे चित्र होतं, ते हेच. बैठकीत मी पहिल्यांदाच न अडखळता बोलले. सावली हवीच, म्हणाले. चाचा हो म्हणाले, मॅडम हो म्हणाल्या. पावसात सड्यावर काय असतं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. पावसात मंडळाचं काम बंदच असे. रस्ते वाहून जात, आणि प्रोजेक्टरला ओल चालत नसे.

आषाढात पोरांनी झाडं लावली. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं. ती कुठंही जगतात म्हणून घेतलेली. कातळात खड्डा काढायचा म्हणजे पहारीच्या ठिणग्या उडतात. म्हणून वाटेच्या आसपास कातळाला आपोआप जे उथळ खळगे पडलेले असतात, ते आम्ही निवडले आणि खालून घमेल्यांनी लाल माती आणून त्यांत भरली. प्रत्येक पोराचं एक झाड, काठीला बांधलेली नावाची चिठ्ठी. सर गुडघ्यांमुळे वर चढू शकले नव्हते. ते खाली शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, आणि वर गेलेलं प्रत्येक पोर खाली आल्यावर आधी त्यांच्याकडे धावत होतं.

भाद्रपदात, गौरी-गणपती झाल्यावर, मॅडम आणि मी पडलेल्या काठ्या नीट करायला वर गेलो. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. चढ संपला आणि मॅडम जागीच उभ्या राहिल्या.

सडा निळा झाला होता. पुढं पांढरा, पलीकडे पिवळा, आणि पुन्हा निळा. मी गावाकडे सड्यावर फुलं बघितलेली होती, पण गुरं हाकताना बघतात तशी. मॅडमनी ती फक्त वाळवून कागदावर चिकटवलेली बघितली होती. त्या ओल्या कातळावर सरळ बसल्याच.

"ही सीतेची आसवं गं," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ की, दवबिंदू. किडे खाते ही वनस्पती. मी वर्गात शिकवते तीच."

खळग्यांत बोटभर पाणी होतं, त्याखाली चिमूटभर माती, आणि त्यात ही सगळी गर्दी. मॅडम रांगत रांगत पुढं गेल्या आणि थबकल्या. तिथं आमची झाडं होती. छान रुजली होती, नवी पालवी धरली होती. पण प्रत्येक झाडाभोवती आम्ही ओतलेली माती पावसानं पसरली होती, आणि तेवढ्या जागेत एकही फूल नव्हतं. निळ्यामध्ये लाल चिखलाचे गोल डाग, थेट वाडीपर्यंत.

"पोटभर माती मिळाली की ही जगत नाहीत," मॅडम हळू म्हणाल्या. "आणि झाडं मोठी होऊन पानं पडायला लागली, की उरलेलीही जातील."

उतरताना त्या एवढंच बोलल्या, "सरांना कसं सांगायचं गं?" मग माझ्याकडे बघून, "आधी तुलाच बोलावं लागणार."

त्या शनिवारी बैठक भरली. मॅडमनी बघितलेलं सगळं सांगितलं. सर चष्मा काढून पुसत बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता, तो त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही.

"झाडं काढायला हवीत, असं मला वाटतं," मी म्हणाले. पुढचं वाक्य लवकर सापडेना. "पण सर, पोरांचे पाय भाजतात ते तर खरंच आहे."

"म्हणजे दोन्हीकडून बोललीस," चाचा म्हणाले. "वकील हो तू."

"तिला जे वाटलं ते बोलली ती," मॅडम म्हणाल्या. "तुमचं बोला की."

"माझं काय. मी बोलतो, झाडं ऱ्हाऊ द्या. पोरांनी आपल्या हातानं लावलीत. आषाढात आपण सांगितलं लावा, भादव्यात सांगणार उपटा? उद्या प्रोजेक्टर घेऊन गेलो तर पोरं म्हणतील, ह्या लोकांचा एक शब्द खरा नाय. फुलं काय, बाकीच्या सड्यावर आहेतच ना?"

"बाकीच्या सड्यावर उद्या दुसरं कुणी झाडं लावेल," मॅडम म्हणाल्या. "आपलंच बघून. आपण शिकवणारे आहोत, चाचा."

दोघांचा आवाज चढला होता. काकू चहा घेऊन दारापर्यंत आल्या आणि तशाच आत गेल्या.

शेवटी सरांची पाळी आली. "मी न बघता बोलणार नाही," ते म्हणाले. "मला वर न्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना वर नेलं. चाचांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. दर वळणावर सर थांबत, आणि चाचा म्हणत, "इंजिन थंड होऊ दे." वर पोचल्यावर सरांनी चपला काढल्या आणि काठी टेकत फुलांच्या मधून वाट काढत गेले. एका लाल डागाशी उभे राहिले. काठीला बांधलेल्या चिठ्ठीवरची अक्षरं पावसानं पुसली होती.

"सगळी नोकरी ह्याच्याखाली झाली," मग ते म्हणाले. "पावसात वर एकदाही आलो नाही. पोरं रोज यातूनच येत होती. आणि मी त्यांना पायाखालचा हा सडा उजाड आहे म्हणून शिकवत होतो."

"पोरांना मी सांगू का?" चाचांनी विचारलं. त्यांचा आवाज आदल्या दिवसासारखा नव्हता.

"नाही. मी सांगितलं होतं, मीच सांगेन."

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांना वर बोलावलं. सर पुन्हा चढून आले. त्यांनी पोरांना खळग्यांभोवती बसवलं आणि मॅडमनी दवबिंदूच्या पानावर चिकटलेला डास दाखवला. पोरं एकमेकांवर रेलून बघत होती. मग सर उभे राहिले. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"झाडं लावायची जागा चुकली," सर म्हणाले. "तुमची नाही, माझी चूक. ही झाडं इथं राहिली तर ही फुलं जातील. ती इथून काढून वाडीच्या दगडी गडग्याच्या कडेनं लावावी असं मला वाटतं. तिथं माती आहे. पण मग सावली तेवढ्याच भागात मिळेल. मधला सडा तसाच तापेल. तुम्हाला कबूल केलेली सगळी सावली मी देऊ शकत नाही." ते थांबले. "आता तुम्ही बोला. आधी सगळ्यात लहानानं."

पहिलीतल्या एका मुलीला पुढं ढकललं गेलं. फ्रॉकचं टोक तोंडात धरून ती उभी राहिली. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं, सगळ्यांच्या आधी बोलायला उभं राहणं मला चांगलंच ठाऊक होतं.

"फुलं सुकली की झाड परत हितं आणायचं काय?" तिनं विचारलं.

मोठी पोरं हसली. सर हसले नाहीत. "नाही आणायचं. फुलं सुकली तरी त्यांचं बी इथंच झोपलेलं असतं. पुढच्या पावसापर्यंत."

तिनं जरा विचार केला. "मग ऱ्हाऊ दे त्याला झोपलेला," ती म्हणाली, आणि खाली बसली.

सातवीतला एक मुलगा मात्र चिडला होता. "घमेली वाहून माझ्या हाताला फोड आले होते, सर. तुम्ही आधी बघितलं का नाय?"

"नाही बघितलं," सर म्हणाले. "बघायला हवं होतं."

कदाचित एवढ्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नसावी. मग तोच पहिला उठला आणि आपल्या झाडाभोवतीची माती हातानं सोडवू लागला.

ते काम संध्याकाळपर्यंत चाललं. मातीच्या गोळ्यासकट झाड उचलायचं, घमेल्यात ठेवायचं, उरलेली माती खरवडून तीही उचलायची. मॅडमच्या साडीचा पार चिखल झाला होता. चाचा, ज्यांना झाडं काढायला नको होती, तेच सगळ्यांवर ओरडत होते, "मूळ तोडू नको रे, मूळ!" त्यातली काही झाडं पुढं मेली, काही गडग्याकडेला मोठी झाली. मधल्या सड्यावर सावली कधीच झाली नाही. फाल्गुनात बादली परत लागलीच. चाचांनी तेव्हा बोटवाल्या ओळखीच्यांकडून पोरांसाठी जुन्या टायरच्या चपला करून आणल्या, पण झिजतील म्हणून पोरं त्या सड्यावर हातात धरून चालत आणि शाळेच्या दारात पायात घालत.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. सगळी पोरं रांगेनं वाडीकडे निघाली होती. पाऊस पुन्हा सुरू झाला. पहिलीतली ती मुलगी सगळ्यात मागं, दोन्ही हातांनी आपलं झाड छातीशी धरून. तिच्यावर छत्री धरून सर चालत होते, एका हातात काठी, एका हातात छत्री. मी त्यांच्या मागं होते.

"सर, तुमचं झाड खंय?" तिनं विचारलं.

"मी लावलंच नव्हतं गो. माझे गुडघे दुखत होते ना."

ती थांबली आणि तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग हातातलं झाड पुढं केलं.

"मग ह्या धरा. माझे हात दुखले."

सरांनी काठी माझ्याकडे दिली, छत्री तिच्याकडे दिली, आणि झाड घेतलं. छत्री तिच्या मानानं फारच मोठी होती, आणि ती सरांच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे सर पार भिजले. तिच्या पावलांनी चालायचं म्हणून ते अगदी हळू चालत होते, आणि फुलांवर पाय पडू नये म्हणून ती दर वेळी वळून त्यांना सांगत होती, कुठं पाय टाकायचा ते.