काखेत कोंबडी, तोंडात पाणी

वयाच्या सातव्या वर्षी मला स्वतःच्या चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, आणि ही गोष्ट डहाणूच्या आख्ख्या खाडीकाठाला माहीत होती. आता सत्तरी ओलांडल्यावर मी ती आपण होऊन सांगते आहे, कारण तेव्हा हसणारे बहुतेक जण आता राहिलेले नाहीत आणि जे आहेत त्यांच्या नाड्या आता त्यांच्या सुना बांधतात.

मी तीन वर्षांची असताना मला ताप आला. ताप गेला तो डाव्या हातातली ताकद घेऊन गेला. बोटं हलायची, पण त्यांच्या मर्जीने, आणि त्यांची मर्जी फारशी नसायचीच. मग काय, घरात मी राणी झाले. आई अंघोळ घालायची, वडिलांची बहीण, म्हणजे माझी आत्या, घास भरवायची. वडील होडीवरून आले की मला उचलूनच फिरवायचे. खरं सांगायचं तर उजव्या हाताने मला बरंच काही जमलं असतं, पण फुकट मिळणारी चैन कोण सोडतो!

मला एकच काम होतं, कावळे हाकलायचं. अंगणात आणि वाळूवर मासळी सुकत पडलेली असायची आणि मी काठी घेऊन मध्ये बसायची. हात अधू असला तरी गळा शाबूत होता. मी एकदा ओरडले की कावळे तर उडायचेच, पण पलीकडच्या गल्लीतली तान्ही पोरंही दचकून उठायची.

त्या जूनमध्ये गल्लीतल्या माझ्या वयाच्या सगळ्या मुली पाटी घेऊन शाळेत गेल्या. मीही हट्ट धरला. आई मला घेऊन गेली. मास्तरांनी नाव विचारलं, मी सांगितलं. दहापर्यंत आकडे विचारले, मी वीसपर्यंत म्हटले. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "नाडी बांधता येते का?"

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी एका मुलाच्या नाडीला निरगाठ बसली होती आणि मास्तरांना ती दातांनी सोडवावी लागली होती. तेव्हापासून त्यांनी नाडीचा धसका घेतला होता.

आई म्हणाली, "मी मधल्या सुट्टीत येईन ना मास्तर, सोडायला."

"आणि मधल्या सुट्टीच्या आधी लागली तर?"

आईने माझ्या नाडीकडे पाहिलं. "मी मास्तर आहे, दाई नाही," ते म्हणाले. "नाडी आपली आपण सोडून बांधता आली की पुढच्या जूनला आणा."

मी घरी येऊन अंगणात लोळण घेतली. आईला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं असणार, कारण माझ्याइतका चांगला राखणदार तिला मिळाला नसता. अकरा वाजले की गल्ली रिकामी व्हायची. मी आणि कावळे. आपण कावळ्यांशीच भांडत म्हातारी होणार अशी मला खात्रीच वाटायला लागली, आणि त्या वयात म्हातारी होणं म्हणजे मला आत्याएवढी होणं वाटायचं. आत्या तेव्हा तिशीतली होती.

दिवाळीनंतर कोणीतरी सांगितलं की गावातल्या एका दवाखान्यात मुंबईहून एक बाई येतात, महिन्यातून एकदा, आणि मुलांच्या हातापायांचं बघतात. आई मला घेऊन गेली. तिथे बाहेर ओटीवर लांबलांबची माणसं बसलेली. वेवजीहून आलेली एक बाई अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत होती. रानशेतचा एक बाप आपल्या मोठ्या मुलाला खांद्यावर घेऊन आला होता. आत गेलो तर औषधाची एकही बाटली नाही. टेबलावर बटणं, मणी, दोऱ्या, चमचे. इंजेक्शन नाही हे पाहून मला बाई लगेच आवडल्या.

त्यांनी आपल्या कामाचं नाव सांगितलं, ऑक्युपेशनल थेरपी. वडिलांनी घरी विचारलं, "म्हणजे कुठला धंदा शिकवणार?" आई म्हणाली, "बटणं लावायचा." झालं, आमच्या गल्लीत त्या कायमच्या बटणवाली बाई झाल्या.

मला त्यांनी तीन मोठी बटणं लावलेलं एक फडकं दिलं. रोज लावायचं, रोज काढायचं. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, चड्डीत बारीक नाडी नको, जाड घाला, म्हणजे बोटांना सापडेल. दोन, तिला मदत करायची नाही.

पहिली गोष्ट वडिलांनी मनावर घेतली. त्यांनी होडीवरचा दोरच कापून आणला. त्या नाडीने होडी भरतीत उभी राहिली असती. मी कित्येक दिवस पोटावर दोरखंडाचा गठ्ठा घेऊन फिरले आणि शेजारणी विचारायच्या, "पोरीला कुठं नांगरून ठेवता काय?"

दुसरी गोष्ट मात्र कोणालाच जमेना. महिन्याने आत्या मला दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा बाईंनी फडकं मागितलं. तिन्ही बटणं कशी एका रेषेत लावलेली!

"वा, किती छान! आता काढून दाखव."

मी आत्याकडे पाहिलं. आत्याने छताकडे पाहिलं. महिनाभर रोज सकाळी आत्याच बटणं लावत होती, मला त्रास नको म्हणून. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुमच्या घरी येते."

आल्या, पांढरी कडक इस्त्रीची साडी नेसून. हंगामाचे दिवस होते. अंगणात बायका वलांडीवर बोंबील घालत होत्या. वलांडी म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्या. दोन बोंबील घ्यायचे, त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. बायकांचे हात एवढे चालतात की बघणाऱ्याला नीट दिसतही नाही. बाई मात्र बघतच राहिल्या.

"ही करते का हे?"

"ती कुठली करते बाय? तिचा हात नाय चालत. ती कावळे बघते," आई म्हणाली.

"मला शिकवा बघू," म्हणत बाईंनी पदर खोचला. ताजा बोंबील म्हणजे काय चीज असते ते मुंबईच्या ताटात कळत नाही. त्यांनी दाबला, तो सटकला आणि खाटेवर झोपलेल्या वडिलांच्या उघड्या छातीवर जाऊन पडला. वडील "जाळं! जाळं!" करत उठले. बायका हसून हसून वाळूत बसल्या. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी मला जवळ बसवलं.

"डाव्या हाताने काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त धरायचं. करेल उजवा."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, हात चालव, हात चालव, आणि तो चालत नव्हता. धरणं हेही काम असतं हे मला माहीतच नव्हतं. मी डाव्या मुठीत एक बोंबील मानेशी धरला. तीनदा निसटला. चौथ्यांदा उजव्या हाताने दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवला. बोंबलाचे बारीक दात बोटाला लागले आणि मी किंचाळले. त्या सकाळी मी दोन जोड्या केल्या. तेवढ्यात आत्याने दोनशे केल्या असतील, पण माझ्या दोन मी सगळ्या गल्लीला दाखवल्या.

बाईंनी नाडीचीही युक्ती सांगितली, आणि ती उलटीच होती. शेवटापासून सुरुवात. पहिले पंधरा दिवस आईने सुरगाठ जवळजवळ पुरी बांधायची आणि शेवटचा ओढा तेवढा माझा. मग शेवटचे दोन टप्पे माझे. मग तीन. म्हणजे रोज शेवट मीच करणार आणि रोज मला वाटणार, गाठ मी बांधली. दोरखंडही गेला, त्याच्या जागी सुती पट्टी आली.

"आणि ती अडली तर?" आईने विचारलं.

"अडेल. चिडेल. रडेल. तुम्ही थांबायचं. बोलायचंसुद्धा नाही."

आईला मासळीबाजारात कोणी गप्प करू शकलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी नाडीचं टोक हातात घेतलं न घेतलं तोच ती ओरडली, "तसं नाय गं, इकडून!" आणि तिचे हात आपोआप पुढे आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच उपाय काढला. तोंडात पाण्याची चूळ भरली, म्हणजे बोलता येऊ नये, आणि काखेत दोन्ही हातांनी कोंबडी धरली, म्हणजे हात रिकामे राहू नयेत. अशी ती रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहायची. मी चुकीचं टोक ओढलं की तिचे गाल फुगायचे, डोळे मोठे व्हायचे, कोंबडी आवळली जायची आणि कोंबडीच माझ्यावर ओरडायची. कधी मला हसू यायचं, मग तिलाही यायचं, आणि सगळी चूळ माझ्या अंगावर. पुन्हा कपडे बदला, पुन्हा नाडी. कोंबडीने महिनाभरात अंडी देणं सोडलं. आत्या म्हणायची, "पोरीच्या नाडीपायी घरातली अंडी गेली."

मी काही शहाण्या मुलीसारखी शिकले नाही हं. मी रडले, कोंबडीला लाथ मारली, बाईंचं फडकं विहिरीत टाकलं. राणीपद सोडणं सोपं नसतं. पण बोंबलाचा हंगाम सरत आला तेव्हा मी सकाळभरात पन्नास जोड्या करत होते, आणि सुरगाठ दहातून सात वेळा बसत होती.

जून आला. आई बाजारातून परस्परच मला शाळेत घेऊन गेली, हात धुवायलाही थांबली नाही. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. "येते नाडी बांधता," आई म्हणाली. आता मुलीची ही परीक्षा घ्यायची कशी, म्हणून मास्तर लाजले. इकडेतिकडे पाहून त्यांनी कोपऱ्यातला भारताचा नकाशा काढला. गुंडाळलेला, फितीने बांधलेला. फितीला शिपायाने मारलेली निरगाठ होती. "ही सोड आणि पुन्हा बांध."

मी जमिनीवर बसले. नकाशा गुडघ्यांत धरला. डाव्या हाताने धरलं, उजव्या हाताने खणत राहिले. खिडकीत पोरं जमली. गाठ सुटली तेव्हा माझ्या नाकावरून घाम गळत होता. मग बांधायला घेतली. पहिला फास निसटला. दुसरा निसटला. डाव्या हाताची पकड सुटायला लागली, आणि दहातल्या त्या उरलेल्या तीनांपैकीच ही वेळ आहे असं मला वाटलं. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना माझी दया आली आणि त्यांनी वाकून हात पुढे केला. "बरं, बरं. आण इकडे, मी बांधतो."

आईने त्यांचं मनगट पकडलं.

"हात लावायचा नाय, मास्तर. थांबा."

मास्तरांचा हात आमच्या गावात कोणी धरला नव्हता. खिडकीतली पोरं गजांवर चढली. आईच्या कोपरापर्यंत माशाचे खवले होते. ती मास्तरांकडे बघतही नव्हती, माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. तिसऱ्यांदा फास बसला. एक कान मोठा, एक लहान, पण गाठ बसली.

"सोडा आता," मास्तर हळूच म्हणाले.

"थांबा. सुटते का बघू दे."

मी टोक ओढलं. गाठ सुटली, नकाशा गुडघ्यांतून निसटला आणि उलगडत पार मास्तरांच्या पायांपर्यंत गेला. मग आईने मनगट सोडलं. मास्तरांनी खवले चिकटलेली बाही तशीच ठेवून, त्याच हाताने पटावर माझं नाव लिहिलं.

बाहेर आल्यावर आई शाळेच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. मी तिला उठवायला हात पुढे केला, मुद्दाम डावा. तिने तो धरला आणि दुसरा हात गुपचूप पायरीवर टेकून, सगळा जोर त्यावर देऊन उठली. मला ते दिसलं. मीही तोंडात चूळ भरल्यासारखे गाल फुगवले.