जावईबापूंची बस

माझ्या सासुरवाडीला बस आली आणि एका दिवसात कायमची गेली, ती माझ्यामुळे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सासुरवाडी गगनबावड्याच्या रस्त्याला, फाट्यापासून चार किलोमीटर आत. माझी मेहुणी शोभा बारावी झाली होती आणि तिला कोल्हापुरात कॉलेजला जायचं होतं. सासऱ्यांनी अट घातली होती, "गावात बस आली तर कॉलेज. चिखल तुडवत फाट्यापत्तोर पोरगीला एकटी न्हाय धाडणार." नेमकं त्याच वर्षी शहराच्या परिवहन खात्यानं आपल्या बसगाड्या खेड्यांपर्यंत न्यायचं ठरवलं. तोटा भरून काढायला अनुदान मिळणार होतं, पण आधी एक दिवस चाचणी. पुरेशी तिकिटं खपली तर अनुदान, नाहीतर बस बंद.

आणि मी त्याच खात्याच्या कचेरीत होतो! (जावक विभागात. बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर टाकायला.) सासुरवाडीच्या चाचणीचं पत्र माझ्या टेबलावर आलं, मी त्यावर नंबर टाकला, आणि रविवारी तांबडा रस्सा ओरपताना सासऱ्यांना म्हणालो, "मामा, बस आणली बघा तुमच्या गावाला."

त्यांचा घास हातातच राहिला. "आणली? तुमी?"

"माझ्या सहीशिवाय पत्र हलत नाही." (सही नव्हती. नंबर होता.)

"मग कंडक्टरला काय सांगायचं आमी?"

"नुसतं माझं नाव सांगा. बास!"

हे मी का बोललो, ते आजही कळत नाही. रश्श्याची तिसरी वाटी चढली होती, एवढंच म्हणता येईल. माझ्या बायकोनं, मंगलनं, चुलीपाशी बसून असं काही बघितलं की मी घाईघाईनं चौथी मागितली.

चाचणीच्या दिवशी मी रजा टाकून हजर. बसला केळीचे खुंट बांधलेले, पुढे हलगी कडाडतेय, आणि माझ्या डोक्यावर फेटा! मला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. चाचणी घ्यायला आलेले साहेब माझ्या शेजारी, मांडीवर कागद घेऊन. बस अशी भरली की दार लागेना. अख्खं गाव कोल्हापूरला निघालं होतं. शोभाची काळजी मिटली म्हणून मला भरून आलं.

बस सुटली. कंडक्टरनं पहिल्याच म्हाताऱ्याला गाठलं. "आजोबा, तिकीट."

"आमी जावईबापूंचं पावणं."

"बरं. तुमचं, मावशी?"

"मी त्येंच्या सासूच्या भनीची जाऊ!"

"आन् तुमचं?"

"भावकी."

गावात सगळेच सगळ्यांचे कुणीतरी लागतात. एखादी म्हैस चढली असती तर तीही माझी पाहुणी निघाली असती! एक बिचारा खिशात हात घालत होता, तर सासऱ्यांनी त्याचा हात धरला. "घरच्या गाडीत तिकीट काढतोस? आमच्या पावण्याचा अपमान करतोस व्हय रं?"

शेवटी घामाघूम झालेला कंडक्टर माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "सायेब, समदी तुमचं नाव सांगत्यात. काय करू? फाडू का तिकिटं?"

साठ-सत्तर माणसं माझ्या फेट्याकडे बघत होती. खरं बोलायला इतकी चांगली वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

"असू दे," मी म्हणालो. "बघतो मी."

"दाजी!" मागून शोभा ओरडली.

मी ऐकू न आल्यासारखं करून फेटा सारखा केला.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत सगळे उतरले. साहेबांनी कंडक्टरकडून आकडा घेतला आणि कागदावर लिहिला. मी डोकावलो. एक.

"एक? साहेब, गाडी फुटायला आली होती! तुम्ही डोळ्यांनी बघितलंत."

"माणसं बघितली. अनुदान तिकिटावर मिळतं."

"मग फाडा की आता! सगळ्यांची मी काढतो."

"प्रवास संपल्यावर?" त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही आपल्या जावकला असता ना?"

हे सासऱ्यांच्या देखत! आणि ते एक तिकीट शोभाचं होतं. ते मुठीत धरून ती फूटपाथवर रडत उभी होती. तेव्हा वाटलेली लाज अजून उतरलेली नाही.

पंधरा दिवसांनी बस नामंजूर झाल्याचं पत्र निघालं. त्यावरही मीच नंबर टाकला. मग फाट्यावर उतरून चार किलोमीटर चिखल तुडवत गेलो आणि सासऱ्यांना सगळं कबूल केलं. सही, नंबर, जावक, सगळं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण जावयाला शिव्या घालायची रीत नाही. सासूबाईंनी कोंबडं कापलं! रश्श्याची दुसरी वाटी मी मागितलीच नाही.

"मामा," मी म्हणालो, "चूक माझी आहे. शोभाला आमच्याकडं राजारामपुरीत राहू दे. तिथून कॉलेजला चालत जाईल. तिचं वर्ष वाया घालवू नका."

वाढता वाढता शोभा थांबली. सासऱ्यांनी भाकरी मोडली.

"धाडतो," ते म्हणाले. शोभा आत पळाली. मग बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "पर जावईबापू, एक खरं सांगा. ते घर तरी तुमचंच हाय नव्हं?"

घर भाड्याचं होतं. लग्न ठरवताना मी त्यांना स्वतःचं म्हणून सांगितलं होतं.